घाटाचा उतार आणि सायकलस्वाराची वाट

मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

पाऊस ओसरला की बेळगावातल्या सायकलस्वारांची पहाटेची वर्दळ वाढते. दसऱ्यापासून होळीपर्यंत कोणत्याही रविवारी उजाडण्यापूर्वी उद्यमबागेच्या बाजूला उभे राहिले, तर डोक्याला हेल्मेट आणि मागे लाल दिवा लावलेली दहा-पंधरा मुले-माणसे पिरनवाडीच्या दिशेने जांबोटीच्या रस्त्याला लागलेली दिसतात. त्यांतलाच मी एक आहे. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो त्याला आता काही वर्षे लोटली. सायकलची सोबत मात्र नोकरीच्याही आधीपासूनची आहे. आपल्या दैनिकात घाटातील अपघातांच्या बातम्या येतात, त्यांत ट्रक, मोटारी आणि दुचाकी यांचा उल्लेख असतो. सायकलवरून पडलेल्याची बातमी सहसा होत नाही, कारण तो उठतो, कोपराला रुमाल बांधतो आणि मिळेल त्या टेम्पोतून घरी येतो. त्याची नोंद कुठेच राहत नाही, आणि नोंद नसल्यामुळे उपायही होत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

मला मांडायची गोष्ट एकच आहे. घाट चढताना सायकलस्वार दमतो. जिवावर बेतते ते उतरताना. आपल्या सीमाभागातल्या घाटरस्त्यांची डागडुजी, रंगरंगोटी आणि फलक यांचा विचार मात्र चारचाकी वाहन डोळ्यांसमोर ठेवूनच केला जातो. थोड्या खर्चात आणि थोड्या लक्षाने यात पुष्कळ सुधारणा होऊ शकते, असे मला अनुभवाने वाटते.

सुरुवातीला आपल्या भागाचे एक वेगळेपण सांगितले पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाला ते चटकन लक्षात येत नाही. युरोपातला सायकलस्वार दरीतल्या गावातून निघतो, आधी खिंड चढतो आणि मग पलीकडे उतरतो. मनालीहून लेहला निघालेलाही आधी चढाला भिडतो. बेळगाव मात्र पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि सह्याद्रीतले आपले घाटमाथेही जवळपास त्याच उंचीवर आहेत. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे आणि चोर्ल्याचा माथा ८०० मीटरच्या आसपास. त्यामुळे बेळगावकराला घाट आधी उतरावा लागतो आणि परतताना, ऊन डोक्यावर आल्यावर, चढावा लागतो. पाय ताजे, मन उतावीळ, बोटे गारठलेली, रस्त्यावर दव, अशा अवस्थेत तो उताराच्या तोंडाशी येतो. चढाचा सराव लोक वर्षभर करतात, त्यासाठी व्यायामशाळेत घाम गाळतात. उताराचा सराव कोणी करीत नाही आणि कोणी शिकवीतही नाही. नवख्या मुलाला या रस्त्यावर सर्वांत अवघड गोष्ट सर्वांत आधी भेटते, ती अशी.

चोर्ल्याचा रस्ता ज्यांनी सायकलवरून केला आहे त्यांना त्याचे सौंदर्य सांगायला नको. किणये मागे पडते, कुसमळीच्या पुलावर मलप्रभा ओलांडली जाते, जांबोटीत पहिला चहा होतो आणि मग दाट झाडीतून जी नदी पुलावरून ओलांडली तिच्याच उगमाकडे रस्ता चढत-उतरत जातो. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. हे पाणी पूर्वेला वाहत कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. त्याच कणकुंबीच्या परिसरातले कळसा नाल्याचे पाणी म्हादईला मिळून पणजीजवळ अरबी समुद्रात उतरते. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला जलविभाजक म्हणतात, तो पाहायला आमच्या विद्यार्थ्यांना लांब जावे लागत नाही; एका रविवारच्या सायकलफेरीत तो पायाखालून जातो. मी कितीतरी मुलांना तिथे थांबवून हे दाखवले आहे, आणि दर वेळी कोणीतरी बाटलीतले पाणी रस्त्यावर ओतून ते कुठल्या बाजूला वाहते ते पाहतेच.

पुढे चोर्ला गाव येते, गोव्याची हद्द लागते आणि रस्ता खरोखर खाली कोसळू लागतो. पायथ्याला केरीपर्यंत ६०० मीटरांहून अधिक उंची उतरायची असते. डाव्या-उजव्या वळणांवरून मधूनच अंजुणे धरणाचे पाणी चमकते आणि नेमकी तिथेच नजर रस्त्यावरून हटते.

आता एक प्रसंग सांगतो. तो कोणत्या घाटातला हे मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या गोष्टीमुळे तो घडला ती चोर्ला, आंबोली, अनमोड, तिलारी अशा सगळ्याच वाटांवर कमी-अधिक प्रमाणात आहे आणि एखाद्याच खात्याला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. ऑक्टोबरातली सकाळ होती. रात्री एक सर चुकून पडून गेली होती; डांबर वाळले होते, पण झाडांच्या सावलीतला रस्ता अजून ओला होता. माझ्या पुढे माझा एक जुना विद्यार्थी होता, वय चोवीस, सायकल उत्तम, हात सराईत. वेग फार नव्हता. डावीकडच्या आंधळ्या वळणातून तो बाहेर आला आणि समोर, वळण सरता सरताच, रम्बलरचे पांढरे पट्टे रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवे घातलेले होते. सायकल अजून तिरकी होती. पुढचे चाक पहिल्या पट्ट्यावर चढले तेव्हा तो बसलेला होता, तिसऱ्या पट्ट्यावर तो आडवा होता. पाण्याची बाटली पिंजऱ्यातून निसटली आणि टणटण आवाज करीत उतारावरून कितीतरी लांब गेली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तो स्वतः घसरत जाऊन कठड्याच्या पायाला थांबला. गळपट्टीचे हाड मोडले, हेल्मेटला मागच्या बाजूने तडा गेला, डोके वाचले. मागून भाजीचा रिकामा ट्रक येत होता. त्या चालकाने गाडी आडवी लावून दोन्ही बाजूंची वाहने थांबवली, आपल्या बसायच्या गादीवर मुलाला निजवले आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत आणून सोडले. पैसे विचारले तर हात जोडले. ट्रकचालकांविषयी पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना वाचकांनी हेही लक्षात ठेवावे.

हे पट्टे घालण्यामागचा हेतू चांगला आहे हे मला कळते. उतारावर मोटारींचा वेग कमी व्हावा, झोपेला आलेल्या चालकाला खडखडाटाने जाग यावी, म्हणून ते असतात. परंतु ज्या जाड, गुळगुळीत रंगाने ते घातले जातात तो ओला झाला की त्यावर रबराची पकड डांबरापेक्षा बरीच कमी होते. चार रुंद टायरांच्या गाडीला ते जाणवतही नाही. बोटभर-दोन बोटे रुंदीच्या टायरवर तिरक्या झालेल्या सायकलस्वाराला मात्र तेवढे पुरते. शिवाय हे पट्टे सरळ रस्त्यावर, वळणाच्या पुरेसे आधी असतील तर सायकल उभी असताना ते ओलांडता येतात. वळणाच्या पोटात असतील तर सुटका नाही. मोटारसायकलवाल्यांचीही हीच तक्रार असते, त्यामुळे हा प्रश्न केवळ हौशी सायकलस्वारांचा आहे असे कोणी समजू नये. जांबोटी-कणकुंबीच्या आसपासच्या वाड्यांतून दुधाची किटली किंवा गवताचा भारा सायकलला लावून जाणारा माणूस हेल्मेट घालत नाही, आणि त्याच्या ब्रेकचे रबरही बहुधा झिजलेले असते.

विज्ञानशिक्षकाची सवय म्हणून थोडा हिशेब मांडतो. सायकलसह स्वाराचे वजन ८५ किलो धरले आणि तो ६०० मीटर खाली उतरला, तर सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावी लागते. दीड लिटर थंड पाणी उकळीला आणायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. यातला काही भाग वाऱ्याचा विरोध घेतो. बाकी सारी उष्णता ब्रेकमध्ये आणि चाकाच्या रिममध्ये जाते. जो घाबरून सबंध घाटभर ब्रेक हलकेच दाबून ठेवतो त्याची रिम हाताला चटका बसेल इतकी तापते, आणि टायरमधली हवा तापून ट्यूब फुटण्याची वेळ येते. म्हणून उतारावर ब्रेक सतत घासत ठेवायचा नसतो. सरळ भागात दोन्ही ब्रेक नेटाने दाबून वेग उतरवायचा, सोडायचा, रिमला वारा लागू द्यायचा. वळणाच्या आधी वेग कमी करून घ्यायचा आणि वळणात शिरल्यावर शक्यतो ब्रेकला हात लावायचा नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पेडल खाली, त्यावर वजन, आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जिथे संपते तिथे. हे वाचून येत नाही हे खरे, पण ज्याला कोणी सांगितलेच नाही त्याला ते सुचतही नाही.

वेगाचाही हिशेब असाच आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या सायकलस्वाराला समोर काही दिसल्यापासून थांबेपर्यंत, कोरड्या रस्त्यावर ब्रेक चांगले असताना, ढोबळमानाने १६-१७ मीटर लागतात. ताशी ५० वर तेच अंतर ३५ मीटरांच्या वर जाते. आपल्या घाटांतल्या किती वळणांवर ३५ मीटर पुढचा रस्ता दिसतो, हे प्रत्येकाने मनाशी विचारून पाहावे. जिथे १५ मीटर दिसते तिथे १५ मीटरात थांबता येईल एवढाच वेग आपला; त्याच्या वरचा वेग उसना असतो.

मोठ्या डोंगरी खिंडींतून सायकलची वाहतूक जिथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, तिथे हा प्रश्न कसा हाताळला गेला हे पाहण्यासारखे आहे. फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधल्या पिरेनीज पर्वतातली तुर्माले ही खिंड २,११५ मीटर उंच आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत १९१० साली पहिल्यांदा तिच्यावरून गेली, तेव्हा रस्ता कच्चा होता आणि नावाजलेल्या स्वारांनाही सायकल हातात धरून चालावे लागले होते. आज त्याच प्रदेशातल्या खिंडींवर सायकलस्वारांसाठी दर किलोमीटरला छोटा फलक असतो. माथा किती दूर आहे, आपण किती उंचीवर आहोत आणि पुढच्या एका किलोमीटरात सरासरी चढ शेकडा किती आहे, एवढेच त्यावर लिहिलेले असते. शेकडा आठ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर. चढणाऱ्याला त्यामुळे आपला दम पुरवून वापरता येतो, आणि तसाच आकडा उतरणाऱ्याला दाखवला तर ब्रेक कुठे लागणार याची आगाऊ सूचना मिळेल. गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर सोडले पाहिजे, असा तिथे कायदा आहे. इटलीतला स्टेल्विओ घाट २,७५७ मीटरवर जातो, त्याच्या एका बाजूला ४८ नागमोडी वळणे आहेत, आणि वर्षातून एक दिवस तो रस्ता मोटारींना बंद ठेवून सायकलस्वारांना मोकळा दिला जातो.

उताराची किंमत त्यांनीही मोजली आहे. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला इटलीचा फाबिओ कासार्तेल्ली १८ जुलै १९९५ रोजी पिरेनीजमधलाच एक घाट उतरताना पडला आणि डोक्याला मार लागून गेला. तो जगातल्या उत्तम स्वारांपैकी होता आणि त्या वेळी त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. व्यावसायिक शर्यतींमध्ये हेल्मेट सक्तीचे व्हायला त्यानंतरही, आणखी एका स्वाराचा जीव गेल्यावर, २००३ साल उजाडावे लागले. आमच्याकडे अजून 'उन्हात डोके तापते' म्हणून हेल्मेट हँडलला अडकवून उतरणारी मुले मी दर रविवारी पाहतो. त्यांच्या आईवडिलांनी हे पत्र वाचले तर मला समाधान वाटेल.

परदेशाचे राहू द्या. मनाली ते लेह हा रस्ता मी पन्नाशी ओलांडल्यावर केला. तिथे गाटा लूप्स नावाची एकापाठोपाठ २१ वळणे आहेत, आणि तांगलांग ला या खिंडीची उंची ५,३२८ मीटर आहे, म्हणजे आपल्या चोर्ल्याच्या साडेसहा पट. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या निम्म्याच्या आसपास उतरतो. दहा पेडल मारले की थांबून श्वास घ्यावा लागतो, आणि सायकल ढकलत चालणेही सोपे वाटत नाही. आमच्या भागातली मुले हल्ली तिकडे जायची स्वप्ने पाहतात, ती त्यांनी जरूर पाहावीत. फक्त उंचीची सवय शरीराला हळूहळू लावावी लागते, एकेक मुक्काम वाढवत जावे लागते, आणि डोके दुखू लागले तर वर न जाता खाली यावे लागते, हे पक्के ध्यानात ठेवावे. परंतु त्या प्रवासात माझ्या मनावर सर्वांत जास्त ठसले ते चढ नव्हते. तांगलांग लावरून उपशीपर्यंत सुमारे ६० किलोमीटर रस्ता उतरतच जातो. त्या दिवशी बोटे बधिर झाली, ब्रेकची केबल ताणून सैल झाली आणि ती घट्ट करायला मी तीनदा थांबलो. तिथे मी जो उतरलो तो चोर्ल्यात शिकलेल्या धड्यांवर उतरलो. हिमालयात जाऊ पाहणाऱ्याची तालीम घराजवळच होऊ शकते, आणि म्हणूनच ती जागा धड असावी असे मला कळकळीने वाटते.

आता मागणे. रस्त्याची देखभाल ज्या ज्या खात्यांकडे आहे, त्यांना माझी विनंती आहे की रम्बलरचे पट्टे वळणाच्या आत घालू नयेत. ते वळणाच्या आधी सरळ भागात घालावेत आणि डाव्या कडेला हातभर-दीड हात रुंदीची जागा कोरी सोडावी. यात रंगाची उलट बचतच आहे. दुसरे, पावसाळा संपताच घाटातली साइडपट्टी एकदा झाडून घ्यावी. दरडीतून आलेली माती, खड्डे बुजवल्यावर उरलेली बारीक खडी आणि चार महिन्यांत चढलेले शेवाळ हे सारे कडेलाच साठते, आणि मोटारींना वाट देण्यासाठी सायकलस्वाराला नेमके त्याच कडेने जावे लागते. आंबोलीच्या बाजूला वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथे हे शेवाळ दिवाळीपर्यंत हटत नाही. डांबराचा नवा थर देताना कडेला जी चार-सहा बोटे उंच पायरी राहते, ती मुरूम भरून सपाट करावी. त्या पायरीवरून खाली उतरलेले सायकलचे चाक पुन्हा वर चढत नाही. स्वार पडतो, आणि पडतो तो रस्त्याच्या आतल्या अंगाला, गाड्यांच्या वाटेत. आंधळ्या वळणांवरचे गोल आरसे जिथे फुटले आहेत तिथे बदलावेत. आणि जमले तर दर किलोमीटरच्या दगडाशेजारी उंची आणि चढाचा शेकडा आकडा लिहावा. आमच्या भागात फलकाची भाषा हा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि मराठीतही लिहिलेले असावे हे माझे मत मी लपवीत नाही. पण हा फलक मुळात आकड्याचा आणि बाणाचा आहे, तो कोणालाही वाचता येईल.

अडचण एवढीच की सायकलस्वार एका सकाळीत दोन राज्यांतून जातो. चोर्ल्याच्या वाटेवर वर कर्नाटक आणि खाली गोवा. वेंगुर्ले रस्त्याने हिंडलगा सोडले की थोड्याच वेळात शिनोळीला महाराष्ट्र लागतो आणि आंबोलीचा सगळा घाट त्याच बाजूला आहे. हद्द कुठे संपली हे आम्हाला पाटी न वाचता चाकाखालच्या आवाजावरून कळते. त्यामुळे एका बाजूने केलेली चांगली गोष्ट दुसऱ्या बाजूला तुटते. सीमावादाचे मोठे प्रश्न न्यायालयात आहेत ते तिथे सुटतील तेव्हा सुटोत. पट्टे कुठे घालायचे आणि खडी कधी झाडायची हे ठरवायला दोन्हीकडच्या अभियंत्यांनी घाटात एक सकाळ एकत्र चालून पाहिले तरी पुरेल.

वाहनचालक बंधूंना सांगणे हात जोडून आहे. बेळगावची भाजी आणि दूध याच वाटेने गोव्याला जाते, तुमची वेळ नासते हे आम्ही जाणतो, आणि स्टेल्विओसारखा सबंध दिवस रस्ता आम्हाला द्या असे आम्ही म्हणत नाही. फक्त वळणात आम्हाला ओलांडू नका. सायकलस्वार वळणातून सरळ रेषेत जात नाही, त्याला थोडी आतबाहेर जागा लागते. सरळ भाग येईपर्यंतचे पंधरा-वीस सेकंद थांबलात तर आम्ही स्वतःच कडेला होऊन हाताने खूण करतो. अगदी पाठीशी येऊन कर्कश हॉर्न वाजवू नका, दचकून हात हलतो. लांबून एकदा वाजवा. अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम वाहन शिकताना आपण सगळेच वाचतो. चढणारी सायकल चालण्याच्या वेगाने, डुलत येत असते, तिलाही तो नियम लागू धरावा. शनिवार-रविवारी गोव्याला जाणाऱ्या मोटारींतल्या मंडळींना हे विशेषकरून सांगायचे आहे, कारण रोजच्या ट्रकचालकाला घाट ठाऊक असतो आणि तो बहुधा सांभाळून घेतो. पाहुण्याला तो ठाऊक नसतो.

आणि आम्ही सायकलस्वारांनीही स्वतःकडे पाहायला हवे. परतीच्या चढावर दमलेली मुले ट्रकच्या मागच्या साखळीला धरून वर जातात हे मी स्वतः पाहिले आहे. ट्रकने अचानक ब्रेक दाबला किंवा खड्डा चुकवला तर काय होईल हे सांगायला नको. ज्याला चढ झेपत नाही त्याने उतरून चालावे, त्यात काही कमीपणा नाही. तुर्मालेवर भलेभले चालले आहेत. केरीला पोहोचल्यावर नुसता चहा पिऊन लगेच मागे फिरू नये, पोटात काही घालावे, दोन्ही बाटल्या भराव्यात, कारण खालून वर येताना दुपारचे ऊन कातळावरून उलटे अंगावर येते. घाट उतरण्याआधी चोर्ला गावाजवळ दोन मिनिटे थांबून ब्रेकचे रबर, केबल, चाकाची पकड आणि टायरमधली हवा हाताने तपासावी. धुके दाट असेल, पुढचा कठडा दिसत नसेल, तर त्या दिवशी कणकुंबीहून परत फिरावे. जुलै-ऑगस्टात मी स्वतः कणकुंबीच्या पुढे जात नाही आणि कोणाला नेतही नाही. उतारावर एकमेकांत स्पर्धा लावून त्याची चित्रफीत मोबाइलवर टाकणाऱ्यांना एवढेच सांगतो की तो रस्ता शर्यतीसाठी बंद केलेला नसतो. पुढच्या वळणावर शाळेत निघालेले पोर किंवा रस्ता ओलांडणारी म्हैस असू शकते.

माझा तो विद्यार्थी सहा आठवड्यांनी पुन्हा सायकलवर बसला आणि पुढच्या मोसमात माझ्याबरोबर घाट उतरला. त्या पट्ट्यांपाशी आल्यावर तो उतरून चालत गेला. मी काही विचारले नाही, मीही चाललो. त्यानंतर आम्ही दोघांनी एक काम हाती घेतले. चोर्ल्याच्या केरीपासून माथ्यापर्यंतच्या प्रत्येक किलोमीटरच्या सुरुवातीची आणि शेवटची उंची, आडवे पट्टे वळणाच्या आत आहेत की बाहेर, कडेची पायरी कुठे आहे, कोणता आरसा फुटला आहे, हे सारे चार रविवार खपून एका वहीत उतरवून काढले आहे. नकाशाही हाताने काढला आहे. ज्या कोणत्या खात्याला, पंचायतीला किंवा लोकप्रतिनिधींना तो उपयोगी वाटेल त्यांना त्याची प्रत आम्ही स्वतः आणून देऊ, आणि त्यांच्यापैकी कोणी घाट पाहायला येणार असेल तर वाट दाखवायला सोबत येऊ. आपल्या कार्यालयात त्या वहीची एक प्रत या पत्रासोबत ठेवीत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक आणि सायकलस्वार वाचक
टिळकवाडी, बेळगाव